विहीर आटल्यावरचं माप

दिनकररावांच्या मासिकात छापायचं प्रत्येक सर्किट आधी मी जोडून पाहायचं, हा नियम त्यांनीच केला होता. आता तो त्यांनाच जड जायला लागला होता.

दिनकरराव परभणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. घराच्या पडवीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि अंकांचे गठ्ठे, एवढी मासिकाची कचेरी. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली, नोकरीच्या शोधात, त्यांच्याच गल्लीत राहणारी. वाचक सर्किटं पाठवायचे. पाऊस आला की वाजणारी घंटी, अंधार पडला की लागणारा दिवा. त्यातली निम्मी दुसऱ्या कुठल्या तरी मासिकातून उतरवलेली असत आणि उतरवताना एखादा रेझिस्टर गळालेला असे. न चालणारं सर्किट ओळखायला काही लागत नाही, ते चालतच नाही. मला अस्वस्थ करायची ती चालणारी. ती का चालतात, कुठवर चालतील, आणि बिघडली तर कोणत्या बाजूने बिघडतील?

आश्रुबाचं सर्किट असंच, पहिल्या झटक्यात चाललं.

आश्रुबा सोनपेठच्या खाली, गोदावरीच्या काठी शेती करायचा. आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेला. त्याचं सर्किट विहिरीतल्या मोटारीसाठी होतं. पाणी खाली गेलं की मोटार आपोआप बंद. कोरडी फिरून मोटार जळायला नको आणि तिच्यावर नजर ठेवायला दिवसभर माणूस बसवायला नको. त्यातली युक्ती मला मनापासून आवडली होती. शेतातल्या स्टार्टरला तीन फेजच्या तीन तारा येतात, वीज परत नेणारी न्यूट्रलची तार येत नाही. मग सर्किटला लागणारी थोडीशी वीज घ्यायची कुठून? आश्रुबाने एका फेजची तार छताच्या पंख्याच्या कंडेन्सरमधून घेतली आणि परतीची तार सरळ पंपाच्या लोखंडी पाइपला बांधली. पाइप पाण्यात, पाणी जमिनीत, करंट जमिनीतून परत. ट्रान्सफॉर्मरचं काम नाही. सगळे भाग परभणीच्या कुठल्याही रेडिओच्या दुकानात मिळणारे.

"चालतं का?" दिनकररावांनी विचारलं.

"चालतं."

"मग छापखान्यात खिळे जुळवायला देऊ? शेतकरी अंक डोक्यावर घेऊन नाचतील, प्रभा."

"सर, थोडं थांबा. मला जमीन बदलून पाहायचीय."

त्यांच्या अंगणात नळापाशी कायम चिखल असायचा. तिथे मी लोखंडी सळई रोवली आणि पाइपऐवजी परतीची तार तिला बांधली. सळईवर मीटरने जेमतेम दोन व्होल्ट दाखवले. काहीच नाही. मग तीच सळई कुंपणाच्या भिंतीजवळ रोवली. तिथली काळी माती उन्हाने भेगाळली होती, हातोड्याने ठोकावी लागली. सर्किट तसंच चाललं. मोटार चालू-बंद करणारा रिले तसाच टक् करून ओढला गेला. पण सळईला टेस्टर लावला तर त्यातला दिवा लख्ख पेटला. मीटर शंभराच्या वर.

बिघडून बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते बंद पडत नव्हतं. आपलं काम चोख करत होतं आणि सळई जिवंत झाली होती.

"पण पाइप काही भिंतीपाशी रोवत नाहीत," दिनकरराव म्हणाले. "तो पाण्यात असतो."

"पाणी असेपर्यंत."

"खाली एक ओळ टाकू. कोरड्या जमिनीत वापरू नये."

"एप्रिलमध्ये ओली जमीन कुठं आहे सर, आपल्याकडं?"

ते हसले, पण अंक छापखान्यात जायची वेळ आली होती आणि त्यांना ते पान हवं होतं. मला ते नको होतं, आणि का नको ते सिद्ध करायला माझ्याकडे एक सळई आणि अंगणातली भिंत एवढंच होतं. प्रत्यक्ष विहीर मी पाहिलेली नव्हती. त्या दिवशी मी तीन वेळा चहा केला आणि तिन्ही वेळा प्यायला विसरले.

दुसऱ्या दिवशी आश्रुबा स्वतःच आला. पांढरा सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत त्याने जोडलेलं सर्किट जुन्या पावडरच्या डब्यात बसवलेलं.

"जयभीम सर. म्हणलं, छापायलेत का न्हाई ते बगून यावं. छापून आलं की सोनपेठच्या बाजारात दुकान टाकायचा इरादा हाय."

"ह्या बाईंना विचार," दिनकरराव म्हणाले. "माझ्या हातात काही राहिलेलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याएवढीच, हातात सोल्डरिंग आयर्न, ओढणी मागे गाठ मारून बांधलेली.

"मॅडम, मागल्या पावसाळ्यापासून चालायलंय माझ्याकडं. एक डाव बी दगा न्हाई."

"पाइपला कधी हात लावलात?"

"रोज लावतो की."

"झिणझिण?"

"काय बी न्हाई. गार पाइप." तो दिनकररावांकडे वळून हसला. "मॅडमला वाटायलंय मी येड्यावाणी बोलायलो."

"तुमच्या विहिरीचं पाणी कुठवर उतरतं?"

"उतरत न्हाई म्हणा ना. गोदागंगेचा काठ हाय. हातभर इकडं तिकडं."

म्हणजे त्याच्या विहिरीत माझी भीती कधी खरी होणारच नव्हती. पाइप बाराही महिने पाण्यात, काठची जमीन ओली. त्याने जे पाहिलं ते खरंच होतं. फक्त ते त्याच्या विहिरीपुरतं खरं होतं. मी त्याला अंगणात नेलं, भिंतीपाशी सळई रोवून दाखवली. टेस्टर पेटला तेव्हा तो उकिडवा बसला आणि बराच वेळ सळईकडे बघत राहिला.

"असं बी होतं होय," तो म्हणाला.

"आणखी कुणाला जोडून दिलंय का?"

"एकच. आमच्या अक्काला. बायनाअक्का, जिंतूरच्या अंगाला दिलेली हाय, दगडवाडीला. सरकारी योजनेतून हिर भेटली त्यांना."

"जमीन कशी आहे तिथं?"

"मुरूम. खाली काळा दगड."

"आणि विहीर आटते?"

"आटते म्हणून तर बसवलं, मॅडम."

पडवीतून ऐकत असलेल्या दिनकररावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दगडवाडीत फोन नव्हता. तार केली तरी ती पोचायच्या आधी बस पोचली असती. पण बसही मिळेना. विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीसाठी त्या दिवशी कलेक्टर कचेरीवर मोर्चा होता आणि स्टँडकडचे रस्ते बंद होते. आश्रुबाचा धाकटा भाऊ बापू त्या मोर्चात होता. आम्ही एका बाजूला उभे, समोरून घोषणा देत माणसं जात होती, आणि आश्रुबा त्यांच्याबरोबर घोषणा देता देता मध्येच थांबून मला विचारायचा, "अक्का चप्पल घालून जात असंल ना हिरीवर?" मला कसं माहीत असणार? तरी मी "असेल" म्हणायचे, आणि मनात हिशोब करायचे की झिजलेल्या चपलेचा काही उपयोग होईल का.

गाडी सुटली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. झरी, बोरी मागे पडलं. रानं उघडी पडलेली. जसजशी जमीन काळीची तांबूस आणि तांबूसची दगडाळ व्हायला लागली तसतशी मी खिडकीतून तिच्याकडे बघायचं टाळायला लागले. मांडीवर पिशवी, तिच्यात मीटर, सळई आणि हातोडा.

"ताई, तुमी लय हलायलात," शेजारची बाई म्हणाली. "उलटी व्हायली का?"

फाट्यावरून चालत गेलो. विहिरीवर पोचलो तेव्हा मोटार बंद होती. लिंबाच्या सावलीत एक म्हातारी बसून तूर निवडत होती. आश्रुबाच्या बहिणीची सासू, सुलाबाई.

"आला का भाऊ? आन् ही कोण, नवरी का?"

"सरकारी मॅडम हायेत, मावशी," आश्रुबा घाईने म्हणाला. मी सरकारी नव्हते, पण ते सांगत बसले नाही. "अक्का कुठं हाय?"

"अंगणवाडीत. लेकरायला खिचडी खाऊ घालायला. आता यायचीच. आमची सून नोकरदार झाली बाबा, आमी तूर निवडायलाव."

तेवढ्यात बायनाबाई आलीच. तिशीची, उंच, भरभर चालणारी. आम्हाला पाहून हसली, "आश्र्या, न सांगता?" म्हणाली, आणि चालता चालताच विहिरीच्या पायऱ्या उतरली. निम्म्यावर सिमेंटचा ओटा होता, त्यावर पंप. आम्ही दोघं काही म्हणेपर्यंत तिने वाकून उजव्या हाताची मागची बाजू पाइपला लावली, क्षणभर ठेवली आणि काढली.

"लाइन हाय," ती वर बघून म्हणाली.

"अक्का!" आश्रुबा ओरडला. "काय करायलीस?"

"लाइन आली का बगायलेय की. वरडतोस काहून?"

स्टार्टर वर झोपडीत होता. झोपडीला कुलूप आणि किल्ली तिच्या नवऱ्याच्या, दत्तरावच्या, करदोड्याला. दत्तराव फाट्यावरच्या हॉटेलात. लाइन कधी येते, कधी जाते याचा नेम नाही. दरवेळी किल्लीसाठी फाट्यावर जाण्यापेक्षा पाइपला हात लावणं सोपं होतं. मोटार बंद असली तरी लाइन आली की सर्किटमधून पाइपात वीज, म्हणजे मुंग्या आल्या की लाइन आली. तेव्हा नवऱ्याला निरोप धाडायचा.

"आन् दुसरी बी सोय हाय," ती मला समजावून सांगायला लागली. मी शिकलेली दिसत होते, म्हणून तिला सांगावंसं वाटलं असावं. "पाणी वर आसलं की बारीक मुंग्या. खाली गेलं की जास्त चावतं. वाकून बगायची गरज न्हाई."

ती म्हणत होती ते अगदी बरोबर होतं. माझ्या मीटरनेही तेच सांगितलं असतं. मी गुडघ्यावर बसून पाटाच्या ओलसर कडेला सळई ठोकायला लागले. पहिले दोन घाव दगडावर बसले.

सळई आणि पाटात पाणी सोडणाऱ्या पाइपाचं वरचं टोक यांच्यामध्ये मीटर लावला. चाळीस व्होल्ट.

"चाळीस म्हंजे लय का कमी?" आश्रुबाने विचारलं.

"आत्ता पाणी आहे. मोटार चालवून बघू."

पोरांकरवी निरोप गेला आणि दत्तराव आला. डोक्याला रुमाल, तोंडात पान.

"मेव्हण्याची मशीन नापास करायला मास्तरीन आणली व्हय? चालतीय की चांगली. आमची मोटार जळली न्हाई यंदा, आजूबाजूच्या समद्या जळल्या."

"दाजी, एक डाव चालू करा नुसती," आश्रुबा म्हणाला.

मोटार सुरू झाली. पाणी आधीच थोडं होतं, झऱ्याची धार बोटाएवढी. पाण्याची रेघ दगडावरून खाली सरकताना दिसत होती आणि मीटरचा काटा वर. पन्नास. साठ. आश्रुबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. सत्तर. मग पाइपाचं खालचं टोक उघडं पडायच्या बेताला, वर झोपडीत रिलेने स्टार्टर सोडला आणि मोटार बंद झाली. ज्या क्षणी व्हायला हवी बरोबर त्याच क्षणी. आश्रुबाच्या तोंडावर नकळत हसू आलं, आपली वस्तू बरोबर चालली की येतं तसं. तेव्हाच काटा शंभर ओलांडून पुढे गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

ते हसू तसंच राहून गेलं. काय करावं ते त्याला कळेना.

"आता हिला पुन्हा कधी चालू करता?" मी विचारलं.

"पाणी साचलं की," बायनाबाई म्हणाली. "पर फुटबॉल गळतंय." फुटबॉल म्हणजे पाइपाच्या तळाची झडप. ती गळत असली की पंपातलं पाणी उतरून जातं आणि दरवेळी वरून पंप भरावा लागतो. "मंग मी बादली घेऊन उतरते आन् पंप भरते."

"ओल्या हातानं."

"पाणी वतताना हात कोरडा कसा ऱ्हाईल? पर तवा मी पाइपाला शिवत न्हाई. लय चावतं. लाकडाच्या पाटावर उभी ऱ्हाते आन् लांबून वतते."

"आणि पाट भिजला तर?"

"परवा भिजला व्हता," ती उजवी मूठ उघडमीट करत म्हणाली. "हात आकडून गेला. मला वाटलं, उपाशी हाय म्हणून."

आश्रुबा झोपडीकडे चालायला लागला. त्याने मेन स्विच पाडला, डबा उघडला आणि पाइपाची तार सोडवायला घेतली. तेव्हा बायनाबाई धावत वर गेली आणि तिने त्याचा हात धरला.

"काढू नको."

"अक्का, मरशील."

"आन् काढल्यावर? मंग हिरीवर कोण बसंल? लाइन आली तर जास्त करून सकाळीच. सकाळीच अंगणवाडी. ही मशीन लावली म्हणून मला नोकरी करता आली, आश्र्या. न्हाई तर मी हितंच बसून पाण्याकडं बगत व्हते की, सहा वरसं. सिक पुढं म्हणली आता अंगणवाडीची बाई मला, सेविकेची परीक्षा दे म्हणली. म्या हात लावणार न्हाई, बास? काठी लावून बगीन."

"काठीला मुंग्या येत नसत्यात," आश्रुबा म्हणाला.

"दाजी बसतील," मी म्हणाले. ते माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी?" दत्तराव पानाची पिंक टाकून हसला. "बाईमाणसावाणी हिरीवर बसू? गाव काय म्हणंल?"

"गाव काय म्हणायचंय, समद्याला म्हाईत हाय तू कुठं बसतोस," लिंबाखालून सुलाबाई म्हणाली. दत्तरावने तिच्याकडे न बघता रुमाल काढून पुन्हा बांधला.

मी बायनाबाईला सांगितलं की दुसरं करता येईल. दोन फेजवर चालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर परभणीत एक मिस्त्री गुंडाळून देतो. मग पाइपला तार बांधायचीच नाही. पाण्यात दोन सुट्ट्या पट्ट्या सोडायच्या, त्यांच्यावर जाईल ती बॅटरीएवढी वीज. आणि लाइन आल्याचा दिवा झोपडीच्या बाहेर, लांबून दिसेल असा. पाइपला हात लावायला नको. हे सांगताना मी भराभर बोलत होते आणि माझं मलाच ऐकू येत होतं की यातलं काहीही मी अजून या विहिरीवर चालवून पाहिलेलं नाही.

"किती दिवस लागतेत?"

"आठवडा. दोन आठवडे."

तिने आश्रुबाचा हात सोडला. आश्रुबाने तार सोडवली, डबा काढला, स्क्रू सदऱ्याच्या खिशात टाकले. मग तो विहिरीच्या काठावर गेला, चपला काढल्या आणि पाय आत सोडून बसला.

"मी बसतो," तो म्हणाला. "मोर्चातनं जाऊन बापू बगंल तिकडलं शेत. नवीन येईस्तोवर मी बसतो. तू जा अंगणवाडीला."

"येडा का खुळा? पावणा होऊन हिरीवर बसणार?"

"मी कशाचा पावणा? मशीन माझी हाय."

दत्तराव पुटपुटत निघून गेला. जाताना मात्र त्याने किल्ली करदोड्याची सोडून आश्रुबासमोर दगडावर टाकली. आश्रुबाने माझ्याकडे वळून विचारलं, "मंग छापायचं काय?"

"यंदा नाही. नवीन जोडलेलं इथं एक उन्हाळा चालू द्या. तुमच्या विहिरीवरही. मग दोन्हीकडची मापं घालून छापू."

"म्हंजे पुढल्या एप्रिलात."

"हो."

"दुकान बी मंग पुढल्या एप्रिलात." तो पाण्याकडे बघायला लागला. पाणी तळाशी होतं, हळूहळू साचत होतं. अजून बघण्यासारखं काही नव्हतं.

बायनाबाई मला फाट्यापर्यंत सोडायला आली. ऊन उतरलं होतं, तरी रस्ता तापलेलाच. मी मनात त्या ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी मोजत होते. लाइनचं व्होल्टेज वाढलं तर तो किती तापेल? पत्र्याच्या झोपडीत मे महिन्यात किती? इन्सुलेशन जळून आतल्या दोन गुंडाळ्या एकमेकींना टेकल्या तर? तेव्हा ती पाण्यातली पट्टी कुठल्या तारेला जोडलेली असेल?

"ताई," ती म्हणाली, "आश्र्यानं बी मला हेच सांगितलं व्हतं. काय व्हत न्हाई म्हणून. त्याच्या मनात खोट नव्हती."

"नव्हती."

"तुमच्या बी न्हाई. पर तुमची नवीन मशीन चांगली हाय, हे कोण सांगणार?"

"मी इथं येऊन मोजीन. पाणी असताना, आणि नसताना. तुमच्यासमोर."

"आन् काटा वर गेला तर?"

"तर ती बसवायची नाही."

"आन् नोकरी?"

लांबून एसटी दिसत होती, मागे धुळीचा पट्टा. मला तिला काहीतरी ठाम सांगायचं होतं, आणि खरं असेल असं ठाम काहीच सापडत नव्हतं. गाडी थांबली. मी चढले, खिडकीपाशी येऊन तिला म्हणाले, "दोन बनवून आणते. वेगवेगळ्या पद्धतीच्या. एक नापास झाली तर दुसरी मोजू."

तिने मान हलवली आणि वळून विहिरीच्या दिशेने चालायला लागली. कंडक्टरने दोरी ओढली. मी पिशवीतून मीटर काढला आणि गाडी हलत असतानाच त्याच्या तारा नीट गुंडाळून ठेवायला लागले, पण त्या पुन्हा पुन्हा सुटत होत्या.